विषय कोणी ठरवायचा?

“गुरुजी, आपल्याच गावची बारव शिकायला लेकराला विलायतेला धाडायचं? काहून? पायऱ्या मोजायला टेप लागतो. विमान थोडंच लागतं?”

चारठाण्यात आणि जिंतुरात हा सवाल मला पुष्कळांनी केला आहे. सवाल करणारी माणसं परकी नाहीत. कोरडवाहू चार एकरांवर घर चालवणाऱ्यांचा हिशेब सरळ असतो. पोरगं परदेशी जाणारच असेल तर कॉम्प्युटर शिकावं, डॉलर कमवावेत, बहिणीचं लग्न करावं. देवळाचे दगड शिकायला कुणी समुद्र ओलांडतं का? या माणसांशी वाद घालायला मी केव्हाही तयार आहे, कारण ती ऐकून घेतात. पण हाच सवाल जेव्हा दिल्लीचं मंत्रालय नियम करून विचारतं आणि उत्तरही स्वतःच देऊन मोकळं होतं, तेव्हा त्याची बंदी होते. हा लेख त्या बंदीविरुद्ध आहे. गावकऱ्यांना द्यायचं उत्तरही त्यातच येईल.

आधी नियम काय ते सांगतो. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची ‘राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती’ १९५४-५५ पासून चालू आहे. आज तिच्या वर्षाला १२५ जागा आहेत. त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींच्या, ६ विमुक्त आणि भटक्या जमातींच्या, आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी. घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत हवं, पदवीला साठ टक्के हवेत, आणि जगातल्या पहिल्या पाचशेंतल्या विद्यापीठात प्रवेश मिळालेला हवा. इथपर्यंत सगळं ठीक. २०२२ च्या फेब्रुवारीत नवी नियमावली आली आणि तिच्यात एक अट घुसली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास, आणि भारतावर आधारलेलं समाजशास्त्रीय संशोधन या विषयांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. कोणता विषय या यादीत मोडतो याचा अखेरचा निर्णय निवड समितीचा. समर्थन असं केलं गेलं की या विषयांचे अभ्यासक्रम आणि जाणकार देशातच भरपूर आहेत, त्यासाठी बाहेर जायची गरज नाही, आणि जागा व पैसा इतर विषयांकडे वळवलेला बरा.

वाचायला शहाणपणाचं वाटतं. पण चारठाण्यात उभं राहून वाचलं की त्यातला अन्याय दिसतो.

चारठाणा हे जिंतूर तालुक्यातलं, जालन्याच्या रस्त्यावरचं गाव. जुन्या लोकांच्या तोंडी त्याचं नाव चारुक्षेत्र. यादवांच्या काळातली देवळं, गोकुळेश्वराची बारव, आणि उभा कोरीव मानस्तंभ. एवढं वैभव जवळ बाळगून असलेली गावं मराठवाड्यात थोडी आहेत. काळ्या पाषाणाचे घडीव चिरे एकमेकांत अडकवून, चुना-मातीचा थर न घालता उभी केलेली ही बांधणी. आपण तिला हेमाडपंती म्हणतो आणि तेराव्या शतकातल्या हेमाद्री पंडिताच्या नावावर टाकून निश्चिंत होतो. पण चिरा कुणी घडवला? खाणीतून तो कुणी काढला, कुणाच्या खांद्यावरून तो आला? हेमाद्रीच्या हातात तर छिन्नी नव्हती.

आमच्या भागातल्या एका मुलीला हाच प्रश्न पडला. वडाराच्या घरातली. बाप आयुष्यभर दगड फोडत आला. तिने नांदेडला राहून सिव्हिल इंजिनिअरिंग केलं. सुट्टीत गावाकडे आली की टेप आणि ग्राफपेपर घेऊन जुन्या बांधकामांभोवती फिरायची. एका पडक्या देवळाच्या भिंतीशी तिने मला नेलं. दोन चिऱ्यांच्या सांध्यात कुणीतरी भक्तिभावाने सिमेंट भरलं होतं. तिने नखाने चिऱ्याची कड खरवडली तर पापुद्रा सुटून हातात आला. “सर, पूर्वी पाणी सांध्यातनं निघून जायचं. आता त्याला वाटच नाही. ते दगडात मुरतं, सिमेंटातलं मीठ वर आणतं, अन् दगडाचं तोंड सोलून काढतं.” मग हसून म्हणाली, “आमच्या आज्याला हे कळत होतं. त्याला फक्त इंजिनिअर म्हणत नव्हते.”

इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठात जुन्या इमारतींच्या जतनाचा एम.ए. आहे. तिथल्या मोठ्या चर्चचं, यॉर्क मिन्स्टरचं, स्वतःचं दगडकामाचं आवार आहे. आजही तिथे पाथरवट उमेदवार घेतात, चुनखडीचे चिरे हाताने घडवतात, झिजलेला दगड काढून नवा बसवतात. बापाच्या हाताला जगात कुठेतरी अशी प्रतिष्ठा आहे, हे त्या मुलीला कळलं तेव्हा तिचे डोळे कसे चमकले ते मी पाहिलंय. तिथे जायचं, दगडाचं शास्त्र शिकायचं आणि प्रबंध लिहायचा तो मराठवाड्याच्या बारवांवर, असं तिने ठरवलं. परत येऊन जतनाचं काम करायचं, हेही तिचं ठरलेलं होतं. अर्ज भरताना जाणत्या माणसाने सल्ला दिला: “विषय बदल. वारसा हा शब्द दिसला की बाद.”

नियमाचा अर्थ नीट पाहा. ही मुलगी यॉर्कच्या तटबंदीवर प्रबंध लिहिणार असेल तर भारत सरकार तिला वर्षाला निर्वाह भत्ता आणि वर फी देईल. चारठाण्याच्या बारवेवर लिहिणार असेल तर एक छदामही नाही. इंग्रजांच्या भिंतीला आमचा पैसा चालतो, आमच्या भिंतीला चालत नाही. या नियमामागे स्वदेशाभिमान आहे असं कुणी सांगितलं तर मी ते ऐकून घेणार नाही.

आता “देशात जाणकार आहेत” या म्हणण्याकडे वळू. आहेत, आणि त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. गो. बं. देगलूरकरांनी महाराष्ट्रातल्या मंदिरांच्या स्थापत्यावर आणि शिल्पांवर केलेलं काम आजही पायाभूत आहे. संभाजीनगरच्या ब्रह्मानंद देशपांड्यांनी यादवांच्या इतिहासात जन्म घालवला. दोघांनीही इथेच राहून काम केलं. म्हणजे बाहेर गेल्याशिवाय काही कळत नाही असं म्हणणारा मूर्ख ठरेल. तसं मी म्हणतही नाही. माझं म्हणणं इतकंच की जायचं की नाही हे अभ्यास करणाऱ्याला ठरवू द्या.

शिवाय ‘देशातली संस्था’ म्हणून ज्या नावाकडे बोट दाखवलं जातं, त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजची गोष्ट काय आहे? १९३९ साली ते पदव्युत्तर संशोधनाची संस्था म्हणून पुन्हा उघडलं तेव्हा तिथे आले कोण? हसमुख सांकलिया लंडनहून पीएच.डी. करून आले होते, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय होता गुजरातचं पुरातत्त्व. इरावती कर्वे बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या. सुमित्र कत्रे लंडनचे. गुजरातच्या मातीतल्या अवशेषांवर लंडनला प्रबंध लिहायला कशाला जायचं, असं त्या वेळी कुणी सांकलियांना अडवलं असतं तर? सांकलियांनी इंग्लंडमध्ये मॉर्टिमर व्हीलरच्या हाताखाली मेडन कॅसल नावाच्या जुन्या टेकडी-किल्ल्याच्या उत्खननात काम केलं. मातीचे थर कसे वाचायचे, खड्डा कसा पाडायचा, नोंद कशी ठेवायची, हे तिथे शिकले आणि ते शिक्षण घेऊन आपल्याकडे आले. जोर्वे, नेवासे आणि पुढे इनामगाव. महाराष्ट्राचा साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा शेतकरी कसा राहत होता, काय पिकवत होता, मेलेलं मूल घराच्या जमिनीखाली रांजणात कसं पुरत होता, हे आपल्याला कळलं ते या कामातून. इंग्लंडच्या टेकडीवर शिकलेली पद्धत प्रवरेच्या काठी उपयोगी पडली. देशातल्या ज्या जाणकारांचा आधार घेऊन आज दार लावलं जातंय, त्यांतले कितीतरी त्याच दारातून आत आलेले आहेत.

श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेलला गेले आणि लिहिलं काय, तर भारतातल्या जातींचा इतिहास. १९०९ साली त्यांचं ते पुस्तक निघालं. परत येऊन या माणसाने महाराष्ट्रीय ज्ञानकोश उभा केला. धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला गेले. तिथल्या प्रबंधाचा विषय होता भारताची औद्योगिक उत्क्रांती. १९२४ ला त्याचं पुस्तक झालं. हेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यात उभे राहिले आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले. दिवाळी सरली की आमच्या जिंतूर तालुक्यातून ट्रॅक्टर भरभरून माणसं ऊसतोडीला जातात. ती ज्या सहकारी कारखानदारीच्या उसावर कोयता चालवतात, तिच्या आरंभाशी केंब्रिजला बसून भारताचा अभ्यास केलेला एक माणूस होता. त्या कारखानदारीने तोडकऱ्याला न्याय दिला का, हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण परदेशात बसून केलेला भारताचा अभ्यास गावाच्या बांधापर्यंत पोचत नाही, असं म्हणायची सोय मात्र उरत नाही.

आणि बाबासाहेब. या शिष्यवृत्तीची चर्चा त्यांचं नाव घेतल्याशिवाय होऊ शकत नाही, कारण ते नसते तर ही शिष्यवृत्तीही नसती. १९१३ साली बडोदा सरकारची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे आणि पुढे लंडनला त्यांनी जे जे लिहिलं त्याची यादी डोळ्यांखालून घाला. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार. भारताचा राष्ट्रीय लाभांश. ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती. रुपयाचा प्रश्न. आणि ९ मे १९१६ ला गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचलेला भारतातल्या जातींवरचा निबंध. यातलं एकही शीर्षक २०२२ च्या नियमाला सरळसरळ पचेल का? अर्थशास्त्रावरचे कदाचित समितीच्या कृपेने सुटतील. जातीवरचा निबंध सुटणार नाही. भारतावर आधारलेलं समाजशास्त्रीय संशोधन यापेक्षा वेगळं काय असतं? ज्या माणसामुळे ही योजना आहे, त्याचाच अर्ज आज या योजनेत बाद होण्याच्या रांगेत असता.

सयाजीरावांनी अट घातली नव्हती का? घातली होती. परतल्यावर बडोदा संस्थानाची दहा वर्षं नोकरी करायचा करार होता. दिलेल्या पैशाच्या बदल्यात काम मागणं मला समजतं. त्या अटीवर वाद होऊ शकतो, पण ती प्रामाणिक आहे. स्वतःच्या देशाविषयी, स्वतःच्या दुःखाविषयी अभ्यास करू नकोस, असं मात्र त्या राजाने सांगितलं नव्हतं.

माझ्या विरोधकांच्या हातात एक खरं पान आहे, ते मीच टाकतो. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन सरकारला दिलं. त्यात परदेशी शिक्षणासाठी पैसा मागितला तो विज्ञान आणि तंत्रज्ञानासाठी. कला आणि कायद्याच्या शिक्षणाने फार काही साधणार नाही असाच त्यांचा सूर होता. मग आजचं सरकार वेगळं काय करतंय, असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की ते निवेदन बंद असलेलं दार उघडा म्हणून होतं. प्रयोगशाळेचा खर्च गरिबाला झेपत नव्हता, इंजिनिअरिंगच्या वर्गात अस्पृश्य मूल दिसत नव्हतं, म्हणून त्या दाराला पैसा मागितला. दुसरं दार भिंत घालून बुजवा, असं त्यात कुठे नव्हतं. आणि आज त्या निवेदनाला ऐंशीहून जास्त वर्षं झाली. आज आमच्या तालुक्यातून इंजिनिअर होणाऱ्या मुलांना तोटा नाही. तोटा आहे तो इतिहास लिहिणाऱ्यांचा. मराठवाड्याच्या देवळांचा, बारवांचा, शिलालेखांचा इतिहास कुणी लिहिला ती नावं काढा आणि त्यांत दगड घडवणाऱ्यांच्या घरातली किती आहेत ते मोजा. बाबासाहेबांच्या मागणीमागचं तत्त्व होतं, जिथे आपली माणसं नाहीत तिथे पोचवा. ते आज लावलं तर पुरातत्त्व आणि इतिहास हेच विषय आधी पुढे येतात.

परदेशात अंतर मिळतं, आणि ज्याला जात सोसावी लागते त्याला त्या अंतराची किंमत ठाऊक असते. कोलंबियाच्या ग्रंथालयात बाबासाहेबांना कुणी जात विचारली नाही. १९१७ साली परतून बडोद्यात नोकरीला गेले तर राहायला खोली मिळेना, आणि पारशी खाणावळीत नाव लपवून उतरलेल्या या माणसाला लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने हुसकून लावलं. जात काय असते याचा अभ्यास जिथे जात अंगावर येत नाही तिथे बसून करता येतो, हे त्यांनी दाखवून दिलं. आमच्या त्या मुलीला गाभाऱ्याची मापं घ्यायची असतील तर आधी पुजाऱ्याची, मग कमिटीची, मग कमिटीतल्या भाऊसाहेबांची परवानगी लागते. ती परवानगी पुष्कळदा मिळते, कधी मिळत नाही, आणि प्रत्येक वेळी ती कोणाची कोण हे सांगावं लागतं. ती मापं घेऊन बसायला, त्यांवर विचार करायला, ‘तुझं आडनाव काय’ असं कुणी विचारणार नाही असा काळ तिला मिळाला तर त्यात देशाचं काय बुडालं? शेजारच्या नांदेडचे सूरज एंगडे जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठातून पीएच.डी. होऊन हार्वर्डपर्यंत गेले आणि २०१९ साली ‘कास्ट मॅटर्स’ लिहिलं. ते पुस्तक पटो न पटो, देशात त्यावर चर्चा झाली आणि ती आमच्या मुलांनी वाचली.

इथे दबक्या आवाजात एक आक्षेप येतो: ही मुलं बाहेर जाऊन देशाची बदनामी करतात. ‘रुपयाचा प्रश्न’ हा प्रबंध ब्रिटिश सरकारच्या चलननीतीवरची कडक टीका आहे, आणि तो लिहिला गेला खुद्द लंडनमध्ये. त्याला प्रस्तावना दिली एडविन कॅनन या प्राध्यापकांनी, आणि आपलं लेखकाशी सगळं पटत नाही हे त्याच प्रस्तावनेत सांगून दिली. विद्यापीठ म्हणजे काय, हे यातून समजावं. एका साम्राज्याला आपल्या राजधानीत ते सोसलं. स्वतंत्र भारताच्या मंत्रालयाला वर्षाला सव्वाशे मुलांची भीती का वाटावी?

सव्वाशे हा आकडाही लक्षात ठेवा. २०२३-२४ साली एकट्या अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी शिकत होते. त्यांतल्या बहुतेकांना घरचा पैसा किंवा कर्ज होतं, आणि त्यांना विषय कुणी विचारला नाही. पुण्या-मुंबईच्या सधन घरातल्या मुलाने लंडनला जाऊन भारतीय शिल्पकलेत एम.ए. करावं, कुणाची हरकत नाही; परतला की त्याचं व्याख्यान ठेवतात. अट फक्त गरिबाला. म्हणजे सरकारने भारताचा अभ्यास परदेशात करायला बंदी घातलेली नाही, तो अभ्यास पैसेवाल्यांपुरता राखून ठेवला आहे.

“मग कर्ज काढावं,” असंही म्हणून झालं. आमच्याकडे कर्ज कसं मिळतं ते एकदा येऊन पाहा. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज हवं असेल तर बँक तारण मागते. शेत आहे? बहुतेक बँका शेतजमीन या कर्जाला तारण धरत नाहीत. एनए प्लॉट हवा, नाहीतर शहरातला फ्लॅट किंवा मुदत ठेव. गावातलं घर आहे? गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा असतो, आणि मॅनेजरसाहेब तो उलटसुलट करून परत देतात. ड्रोनने मोजणी करून घरांना मिळकत पत्रिका देण्याची स्वामित्व योजना २०२० साली आली खरी, पण कागद हातात आला तरी खेड्यातल्या पत्र्याच्या घराचं मूल्यांकन परदेशी फीच्या पासंगाला पुरत नाही. आणि त्या मुलीच्या घरी तर शेतही नाही. जिची एकच वाट आहे तिच्या त्या वाटेवर विषयाचं कुंपण घालायचं आणि वर म्हणायचं, तुला मोकळीक आहे.

गावकऱ्यांचा पायऱ्या आणि टेपचा सवाल अजून उरला आहे. त्यांना माझं सांगणं असं. चुन्याशिवाय रचलेलं दगडी देऊळ ढासळलं तर ते कसं सावरायचं, याची एक रीत आहे. प्रत्येक दगडाला नंबर द्यायचा, जागा टिपायची, भिंत उतरवायची, पाया पक्का करायचा आणि तोच दगड त्याच जागी परत बसवायचा. फ्रेंच लोक कंबोडियातल्या अंगकोरची देवळं सांभाळत होते. तीही अशीच कोरडी रचलेली. त्यांना ही रीत नीट जमत नव्हती. त्यांचा आंरी मार्शाल हा अधिकारी जावा बेटावर गेला, तिथल्या डच मंडळींनी हिंदू देवळं कशी उभी केली ते शिकून आला, आणि १९३१ पासून त्याने बांतेय स्रेई हे शिवमंदिर दगड न् दगड लावून उभं केलं. आपलं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण १९८६ ते १९९३ अंगकोर वाटच्या डागडुजीला गेलं, पुढे ता प्रोह्मचं काम घेतलं. देवळाची विद्या कायम एका देशातून दुसऱ्या देशात चालत गेलेली आहे. आपण कंबोडियात जाऊन त्यांची देवळं दुरुस्त करायची, पण चारठाण्याच्या पोरीने यॉर्कला जाऊन आपलं देऊळ दुरुस्त करायची विद्या आणायची नाही, हे कुठलं गणित?

आणि ही विद्या आपल्याला नको आहे का? सेलू तालुक्यात वालूरची चक्राकार बारव आहे. गाळ आणि झुडपांनी बुजलेल्या अशा बारवा मराठवाड्यातल्या तरुणांनी श्रमदानाने मोकळ्या केल्या. त्या कामाला माझा हात जोडून नमस्कार आहे. पण गाळ काढल्यावर पुढे काय? फुगलेली भिंत कशी धरायची, पिंपळाचं मूळ चिरा न उचकटता कसं मारायचं, कोणत्या सांध्याला हात लावायचा नाही, हे सांगणारा माणूस परभणी जिल्ह्यात शोधून पाहा. मग टेंडर निघतं, ठेकेदार येतो आणि सिमेंटची पोती उतरतात. वर ऑइल पेंट. सातशे वर्षं उभं राहिलेलं काम आपण एका उन्हाळ्यात नासवतो, आणि नारळ फोडून उद्घाटन करतो.

“परत येऊन खाईल काय?” हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला मी गुळगुळीत उत्तर देणार नाही. पुरातत्त्वाच्या नोकऱ्या थोड्या आहेत. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयात पदं मोजकी. पण ही मुलगी इंजिनिअर आहे. जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचं शिक्षण घेतलेला इंजिनिअर मराठवाड्यात हवा आहे, कारण कामं निघतात, पैसाही खर्च होतो, आणि तो चुकीच्या हातांनी होतो. नोकऱ्या कमी आहेत हे कारण पुढे करायचं तर मग पदं वाढवा म्हणावं. विषयच बंद करून पदं न वाढवण्याची सोय कशाला करायची?

संभाजीनगरच्या विद्यापीठात येमेन, इराक, सुदानमधली मुलं वर्षानुवर्षं शिकायला येतात. येमेनचा विद्यार्थी इथे बसून आपल्या देशातल्या शाळांमध्ये इंग्रजी कसं शिकवलं जातं यावर प्रबंध लिहितो आणि आपले मार्गदर्शक त्याला मदत करतात. तुझ्या देशाचा अभ्यास तुझ्या देशात कर, असं आपण त्याला म्हणालो तर ते हलकेपणाचं होईल. जर्मनीतले गुंथर सोन्थायमर खंडोबाच्या आणि धनगरांच्या मागे माळरानं तुडवत फिरले, अमेरिकेच्या अ‍ॅन फेल्डहाउस महानुभाव पोथ्यांत आणि गोदावरीच्या तीर्थांत रमल्या. त्यांना आपण घरातली माणसं मानलं, आणि बरोबर केलं. आपली भूमी अभ्यासायला जगाला येऊ द्यायचं आणि तिच्याच लेकरांना जगात जाऊन तिचा अभ्यास करू द्यायचा नाही, हे मला उलटं वाटतं.

त्या मुलीने अखेर विषय बदलला. अर्जात तिने आता काँक्रीटच्या पुलांचा विषय घातला आहे. तोही चांगलाच विषय आहे आणि ती तो नीट करील. पण तिच्या वहीतली बारवेची मापं तशीच राहिली.

निवड समितीला अखेरचा निर्णय करायचा अधिकार नियमातच दिलेला आहे. समितीने तो अधिकार विद्यार्थ्याच्या बाजूने वापरावा, ही माझी पहिली मागणी. दुसरी मंत्रालयाकडे: ती अट काढून टाका, जागा वाढवायच्या नसतील तर निदान असलेल्या जागांना कुलूप लावू नका. आणि तिसरी आमच्या लोकप्रतिनिधींकडे, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत. संसदेत तारांकित प्रश्न विचारायला पैसा लागत नाही. विचारा की २०२२ पासून या एका अटीखाली किती अर्ज बाद झाले, त्यांचे विषय काय होते, ते कोणत्या जिल्ह्यांतून आले होते, आणि अट वाचूनच ज्यांनी विषय बदलला त्यांची नोंद सरकारकडे कुठे आहे.